मोटरीची विश्रांती

आमच्या कॉलेजात ऊर्जा कार्यक्षमता केंद्राचं उद्घाटन झालं, त्या दिवशी हॉलमध्ये अडुसष्ट ट्यूबा, बावीस पंखे, दोन एसी आणि लाइट गेली तर म्हणून आधीपासूनच सुरू करून ठेवलेला एक जनरेटर चालू होता. मी मोजले, कारण मोजणं हेच माझं काम. मी रत्नमाला, विद्युत विभागाची लॅब असिस्टंट. वीस वर्षांपासून या कॉलेजातली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक पकड आणि जळालेला प्रत्येक बल्ब माझ्या डेड स्टॉक रजिस्टरात आहे.

कॉलेज वाशिमपासून आठ किलोमीटरवर, मंगरूळपीरच्या रस्त्याला. मागं सोयाबीनची शेतं, पुढं डांबरी रस्ता, आणि मधे "उत्कृष्टतेकडे वाटचाल" अशी कमान. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी सांगितलं की देशातले कारखाने गरजेपेक्षा कितीतरी जास्त वीज जाळतात, ती कुठं वाया जाते हे शोधणारी हजारो पोरं देशाला हवी आहेत, आणि अशा पोरांना नोकऱ्या स्वतः शोधत येतील. पाहुणे चार होते. त्यांना आणायला तीन गाड्या गेल्या होत्या.

केंद्रासोबत सहा पेट्या आल्या. एकीत उष्णता दाखवणारा कॅमेरा, एकीत विजेचं मोजमाप करणारं यंत्र, एकीत हवेची गळती ऐकू येणारं यंत्र, असं सगळं. प्राचार्यांनी मला बोलावून काचेच्या कपाटाची चावी दिली.

"बाई, हे कॉलेजचं सोनं आहे. एकावर जरी ओरखडा आला, तर उत्तर तुम्ही द्यायचं."

मग काय, मी कपाट लावलं. खंडेनवमीला उघडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पुन्हा लावलं. फेब्रुवारीपर्यंत त्या यंत्रांना माणसाचा हात लागला तो तेवढाच.

केंद्राचे प्रमुख होते अमरदीप सर. तिशीच्या आतले, एमटेक, कंत्राटी. माणूस वाईट नव्हता. पण दर जूनला त्यांची नेमणूक नव्यानं व्हायची, त्यामुळं जुलैपासून मेपर्यंत ते कुणालाच नाही म्हणत नसत. त्यांनी बॉयलर पाहिलेला नव्हता, पण बॉयलरची व्याख्या त्यांच्याइतकी सुंदर कुणी सांगत नसे. ते पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायचे, पोरं वहीत उतरवून घ्यायची.

एक दिवस मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तो उष्णतेचा कॅमेरा एकदा हातात देता का?"

सरांनी कपाटाकडं बोट दाखवलं. "दिसतोय की काचेतून."

ती सुकेशनी. रिठदची, शेवटच्या वर्षाला. रोज एसटीनं वाशिमला उतरून दुसरी गाडी धरून यायची. तिची आई उज्ज्वला गावात पिठाची गिरणी चालवते. ही पोर त्या गिरणीच्या मोटरीजवळ रांगायला शिकली असावी, कारण लॅबमधली मोटर नुसती सुरू झाली तरी ही लांबून सांगायची, "ताई, बेअरिंग गेलं तिचं." मी उघडून पाहायची तर खरंच गेलेलं असायचं.

योजनेचा नियम होता की वर्षात चार कारखान्यांची ऊर्जा तपासणी करायची आणि विद्यार्थी तपासणी करत असल्याचे फोटो जोडायचे. फेब्रुवारी आला तरी एकही झाली नव्हती. तेव्हा प्राचार्यांनी रतनलाल शेठना फोन लावला. शेठची वाशिमच्या एमआयडीसीत डाळमिल. तुरीचा हंगाम जोरात होता, मिल चोवीस तास घरघरत होती. शेठ आधी नको म्हणाले. पेपरात फोटो येईल म्हटल्यावर या म्हणाले.

बारा पोरं, अमरदीप सर आणि पेट्यांसोबत मी, कारण रजिस्टरावर सही माझी. हेल्मेट एकच होतं, म्हणून ते एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर, असे बारा फोटो झाले. सरांनी उष्णतेचा कॅमेरा उलटा धरला होता. त्या दिवशी जर तो चालू असता, तर मिलऐवजी सरांच्याच नाकाचं तापमान निघालं असतं. वीस मिनिटांत तपासणी आटोपली. मी पेट्या मोजून बंद केल्या. शेठनी सगळ्यांना कचोरी दिली.

"लाइट बिल कमी होईल ना सर?" शेठनी विचारलं.

"निश्चित," सर म्हणाले. "रिपोर्ट येईल."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आला. एकशे चार पानांचा. मला झेरॉक्सला द्यायला सांगितलं होतं, म्हणून सुकेशनी माझ्या टेबलाशी उभं राहून चाळू लागली. चाळता चाळता थांबली.

"ताई, हे पाह्य. 'डाळीला पीळ देणाऱ्या यंत्रातील वीजवापर.'"

"असेल."

"डाळीले पीळ कोन देते ताई? आनखी पाह्य. 'चाळीस नंबरची डाळ.' आन् हे, 'ह्युमिडिफिकेशन प्लांटची कार्यक्षमता समाधानकारक.' हा प्लांट सूतगिरणीत असते. हवा ओलसर ठेवाले, धागा तुटू नये म्हनून."

तेव्हा मला उमगलं. सरांनी कुठल्या तरी सूतगिरणीचा रिपोर्ट घेतला होता आणि संगणकावर 'सूत' हा शब्द जिथं जिथं होता तिथं 'डाळ' घातला होता. कष्टाचं काम नव्हतं, एक बटन दाबायचं.

सुकेशनी तशीच सरांकडं गेली. मी दारातून ऐकत होते.

"सर, हा रिपोर्ट आपल्या मिलचा नाही."

सरांनी आधी दार लावून घेतलं, म्हणजे ओढलं. आमच्या दाराला कडी नाही. "सुकेशनी, फॉरमॅट बघ. फॉरमॅट किती व्यवस्थित आहे."

"पण सर, आतलं..."

"आतलं कोण वाचतं?" सर म्हणाले. ते बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. "हे बघ. मार्चअखेर चार रिपोर्ट गेले नाहीत तर केंद्र बंद. केंद्र बंद तर मी बंद. तुला खरंच करायचं असेल तर कर ना. मी कुठं अडवतोय?"

ती माझ्याकडं आली. "ताई, चावी देता काय? फक्त गळतीचं यंत्र. सोमवारी नेतो, मंगळवारी आनतो."

मी नाही म्हणाले. ते मला आजही बरं वाटत नाही, पण प्राचार्यांचं उत्तराचं वाक्य माझ्या डोक्यात होतं आणि माझी निवृत्ती सात वर्षांवर. मी म्हणाले, "यंत्र नाही देता येत पोरी. दुसरं काय पाहिजे ते माग."

तिनं लॅबच्या मोरीकडं पाहिलं. "मंग भांड्याचं साबन द्या," ती म्हणाली. "आन् एक रंगाचा ब्रश."

सोमवारी मिलची सुट्टी असायची. मी किरकोळ रजा टाकली आणि तिच्यासोबत गेले. का गेले ते सांगता येत नाही. चावी दिली नाही म्हणूनच असेल. गेटवर हेमसिंग भेटला. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचा, पोहरादेवीच्या अलीकडचा. तीस वर्षांपासून या मिलचा फिटर. साठीचा, उंच, कानात बाळी. त्यानं आधी मला पाहिलं, मग सुकेशनीला.

"परवा फोटो काढून गेलते, ते तुमीच ना? आता काय राह्यलं?"

"मशीन पाह्याची राह्यली काका," सुकेशनी म्हणाली.

हेमसिंग हसला. "मंग ये."

आत सगळं थंड पडलं होतं. डाळीचा रंग पाहून खराब दाणा हवेच्या झोतानं उडवणारं एक मशीन असतं, त्याला मिलमध्ये सॉर्टेक्स म्हणतात. त्याला हवा पुरवायला मागच्या खोलीत मोठा कॉम्प्रेसर. सुकेशनी म्हणाली, "काका, बाकी सगळं बंद राहू द्या. फक्त कॉम्प्रेसर चालू करा."

"खाली, रिकामाच?"

"खालीच."

त्यानं बटन दाबलं. कॉम्प्रेसर धडधडला, टाकी भरली, थांबला. आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. हवा वापरणारं एकही मशीन चालू नव्हतं, म्हणजे एकदा थांबला की त्यानं थांबूनच राहायला पाहिजे होतं. साडेपाच मिनिटांनी तो पुन्हा सुरू झाला. चार मिनिटं चालला. थांबला. साडेपाच मिनिटांनी पुन्हा सुरू. सुकेशनी मोबाइलवर वेळ लावून वहीत लिहीत होती. दहा वेळा झालं तेव्हा तिनं बेरीज-भागाकार केला आणि वही हेमसिंगपुढं धरली.

"काका, हा जेवढी हवा करते, त्यातली शंभरात बेचाळीस कुठी तरी निंघून जाऊन राह्यली."

हेमसिंगला वही वाचायची गरज नव्हती. तो उठला, भिंतीजवळच्या पाइपाशी गेला आणि तळहात धरला. "एक इथी." चार पावलं पुढं. "एक इथी." मग वर बोट केलं. "तिथी तं शिट्टी वाजवते. पोरी, मले दहा वर्सांपासून मालूम हाय. शेठले सांगतलं. शेठ म्हनते, मशीन चालू हाय ना? मंग कायले हात लावता."

"किती जागा हायेत?"

"मले मालूम असलेल्या अकरा."

तिनं बादलीत साबण कालवला. मी ब्रशनं जोडाजोडावर फेस लावत गेले. जिथं फुगे आले तिथं हेमसिंगनं खडूनं फुली मारली. त्याच्या अकरा निघाल्याच, आणखी नऊ निघाल्या. दुपारपर्यंत ती मिल एखाद्या शाळेच्या फळ्यासारखी फुल्यांनी भरली. हेमसिंगनं मग न विचारताच बाकीचं दाखवायला सुरुवात केली. हा पट्टा सैल, हा पंखा नको तेवढा मोठा, त्याचं तोंड पत्र्यानं अर्धं दाबलेलं, म्हणजे मोटर जोर लावते आणि पत्रा तो अडवतो. आणि पाळीच्या मधे माणसं चहाला जातात तेव्हा सगळं रिकामं चालू राहतं, कारण बंद-चालू करायचा सगळ्यांना कंटाळा. सुकेशनी लिहीत होती आणि मधेमधे नुसती त्याच्याकडं पाहत होती. परतताना बसस्टँडवर म्हणाली, "ताई, चार वर्सं मी कुठी शिकून राह्यली होती?"

असे चार सोमवार झाले. सोमवारी कॉलेजात अमरदीप सरांचा तास असायचा, विषय 'ऊर्जा लेखापरीक्षण'. सुकेशनीची त्या विषयात हजेरी कमी पडली. सूचनाफलकावर तिचं नाव लागलं.

शेठना हेमसिंगनंच पटवलं. "शेठजी, मी सांगतलं तं आयकलं नायी, आता इंजिनेर सांगते तं आयका." शेठ सुकेशनीकडं पाहून म्हणाले, "बेटा, अभी तो तू इंजिनेर भी नहीं हुई." तरी जोड बदलायचं सामान आणलं. वीस फुल्या बुजल्या. सुकेशनीनं पुन्हा कॉम्प्रेसर लावून पाहिला, तेव्हा तो पाऊण मिनिट चालायचा आणि नऊ मिनिटं गप्प बसायचा. शेठ पुढच्या महिन्यात बिल घेऊन गेटपर्यंत चालत आले आणि हेमसिंगला दाखवलं. तीस वर्षांत ते पहिल्यांदाच गेटपर्यंत आले होते, असं हेमसिंग म्हणतो.

सुकेशनीनं नऊ पानी रिपोर्ट हातानं लिहून प्राचार्यांना दिला. त्यांनी पुढून-मागून पाहिला.

"यात उपकरणांचे फोटो कुठं आहेत?"

"उपकरणं वापरली नाहीत सर. साबण वापरला."

"साबण!" प्राचार्य म्हणाले. "अगं, योजनेला आपण काय सांगायचं? की आपली पोरं भांडी घासतात?"

रिपोर्ट परत आला. एकशे चार पानांचा पुढं गेला, त्याच्या मागून त्याच साच्यातले आणखी तीन.

एप्रिलमध्ये तपासणी समिती आली, दोन साहेब. त्यांनी कपाट पाहून मान हलवली. धाकट्यानं गळतीचं यंत्र चालू करून दाखवा म्हटलं. मी काढून दिलं. बॅटरी वर्षभरात मरून गेली होती. सर क्षणभर पांढरे पडले आणि मग म्हणाले, "ऊर्जाबचतीचं केंद्र आहे सर, म्हणून आम्ही बंदच ठेवतो." दोघंही साहेब खुश झाले.

पण मोठे साहेब रिपोर्ट खरोखर वाचणारे निघाले. म्हणाले, "हा ह्युमिडिफिकेशन प्लांट मला बघायचाय. डाळमिलमध्ये मी कधी पाहिला नाही."

अमरदीप सर गाडीत माझ्याशेजारी बसले होते. पूर्ण रस्ता ते एकच म्हणत होते, "ताई, संपलं. संपलं ताई." प्राचार्य पुढं बसून साहेबांना पोहरादेवीच्या यात्रेची माहिती देत होते.

मिलच्या गेटवर हेमसिंग उभा. साहेबांनी थेट त्यालाच विचारलं, "तुमचा ह्युमिडिफिकेशन प्लांट कुठं आहे?"

हेमसिंगनं सरांकडं पाहिलं, प्राचार्यांकडं पाहिलं. "कायचा?"

"म्हणजे ओलावा," प्राचार्य घाईनं म्हणाले. "ओलावा देता ना तुम्ही? डाळीला?"

"देतो ना," हेमसिंग म्हणाला. "तुरीले पानी मारा लागते. नायी मारलं तं टरफल सुटत नायी."

"कुठं मारता?"

तो सगळ्यांना मागच्या ओट्यावर घेऊन गेला. तिथं तुरीचा ढीग होता आणि नळाला जोडलेला हिरवा रबरी पाइप. हेमसिंगनं नळ सोडला, अंगठ्यानं पाइपाचं तोंड दाबून फवारा केला आणि ढिगावर फिरवला. मोठ्या साहेबांनी पाइप नळापर्यंत नजरेनं तपासला. मग त्यांनी विचारलं, "याला वीज किती लागते?"

"नळाले? कायची वीज साहेब."

साहेबांनी वहीत लिहिलं. ते मी मागून वाचलं: 'संयंत्र प्रत्यक्ष पाहिले. शून्य वीजवापर. अनुकरणीय.'

त्या वर्षी विभागातलं उत्कृष्ट केंद्र म्हणून आम्हाला ढाल मिळाली. ती मी रजिस्टरात चढवली, अनुक्रमांक दोन हजार एकशे सात.

सुकेशनीला त्याचं हसू आलं, राग नाही आला. राग तिला दुसऱ्याच गोष्टीचा आला, आणि तो स्वतःचाच.

झालं असं. परत आलेला रिपोर्ट तिनं मिलमध्ये दिला होता. त्यात लिहिलं होतं की चहाच्या वेळी मशीन रिकामी चालवू नका, बंद करा. हेमसिंगनं बंद करायला सुरुवात केली. आता तीस वर्षं मिल अखंड घरघरत होती, त्यामुळं माणसं कधी चहाला गेली आणि कधी आली हे ऑफिसात बसलेल्या शेठना कळत नसे. आवाज थांबला की कळू लागलं. शेठचा मुलगा श्रेयांस पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला होता. त्यानं पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावलं: चहाला सत्तावीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात फलक लावला: चहा दहा मिनिटं.

टपरी रस्त्यापलीकडं. जाऊन यायलाच सात मिनिटं. डाळ निवडणाऱ्या बाया हेमसिंगवर उखडल्या. त्यांच्यात गोमतीबाई म्हणून एक मोठी बाई आहे, ती सुकेशनीला समोरासमोर म्हणाली, "माय, तुनं हवेची गळती पाह्यली ते बेस केलं. आमचा चहा कायले ऑडिट केला वं?"

सुकेशनी श्रेयांसकडं गेली. मी दाराशी.

"तुम्हीच लिहिलंय," तो रिपोर्ट उघडून म्हणाला. खरंच, त्यानं तो रिपोर्ट वाचला होता. वाचणारा तो पहिला माणूस. "रिकामा वेळ म्हणजे नुकसान. पान सहा."

"मी मशीनचा रिकामा वेळ लिहिला. माणसांचा नाही."

"दोन्ही एकच ना? मशीन थांबली की माणूस थांबतो. मशीन लवकर सुरू केली की माणूस लवकर येतो."

तिनं पान सहा पुन्हा वाचलं. बाहेर येऊन ती कॉम्प्रेसरच्या खोलीजवळच्या पायरीवर बसली. हेमसिंग बिडी पेटवून उभा होता.

"काका, मोटर बंद केली आन् लगेच चालू केली तं काय होते?"

"काय होत नायी. दहा मिन्टात चालू केली तरी कायी होत नायी."

"घडीघडी केलं तं?"

"घडीघडी केलं तं गरम होते. पन दिवसातून एकदा कोन घडीघडी म्हनते?"

ती माझ्याकडं वळली. "ताई, खोटं लिहू काय?"

"मी वीस वर्षं रजिस्टर लिहिते," मी म्हणाले. "मला नको विचारू."

तिनं एक पान लिहिलं. मी वाचलं. 'मोटर पूर्ण भारावर चालवल्यानंतर बंद केल्यास ती पुन्हा सुरू करण्यापूर्वी किमान तीस मिनिटे थंड होऊ द्यावी. अन्यथा वाइंडिंग जळण्याचा गंभीर धोका संभवतो.' खाली तिची सही. माझ्याजवळ केंद्राचा शिक्का होता. यंत्राची चावी द्यायला मी घाबरले होते, शिक्का मारायला घाबरले नाही.

श्रेयांस हुशार मुलगा. त्यानं पान वाचलं आणि खात्री करायला अमरदीप सरांना फोन लावला. सरांनी त्या क्षणापर्यंत असं काही ऐकलेलं नव्हतं. पण नाही म्हणायची सवय नव्हती आणि मला माहीत नाही म्हणायची तर त्याहून नव्हती.

"होय होय," सर म्हणाले, "ती तर स्टँडर्ड प्रॅक्टिस आहे."

दहा मिनिटांचा फलक उतरला. नवा लागला: 'मोटर विश्रांती ४.०० ते ४.३०. या वेळेत बटन दाबू नये.' गोमतीबाई आणि बाया टपरीवर बसून चहा पिऊ लागल्या, आधीपेक्षा तीन मिनिटं जास्त. श्रेयांस स्वतः चार वाजता बाहेर येऊन कुणी चुकून मोटर चालू करत नाही ना, हे पाहत असे.

सुकेशनीला मात्र झोंबत राहिलं. "सरांनी सूत खोडून डाळ लिहिली," ती एकदा म्हणाली, "आन् मी काय येगळं केलं?" मी म्हटलं, त्यांनी स्वतःसाठी केलं. ती म्हणाली, "ते बी पोटासाठीच करते ताई." तिचं बरोबर होतं आणि तरी मला दोन्ही सारखं वाटत नव्हतं.

सरांनी दरम्यान ते वाक्य आपल्या पडद्यावरच्या चित्रांत घातलं. मे महिन्यात कॉलेजच्या परीक्षेला प्रश्न आला: 'पूर्ण भारावर चाललेल्या मोटरीस पुन्हा सुरू करण्यापूर्वी किती मिनिटे विश्रांती द्यावी? कारणे द्या.' दोन गुण. मी हॉलमध्ये पाणी वाटत होते. सुकेशनीनं प्रश्न वाचला, वर माझ्याकडं पाहिलं, पेनाचं टोपण चावलं आणि लिहिलं: तीस. कारणंही दिली. तिला दोनपैकी दीड गुण मिळाले. कारणं अपुरी होती म्हणे.

नोकरी द्यायला एकच कंपनी आली. ऊर्जा कार्यक्षमता अधिकारी अशी जागा होती; काम, फोनवरून पंखे विकायचं. नऊ पोरं लागली. प्राचार्यांनी कमानीवर त्यांचे फोटो लावले. सुकेशनी मुलाखतीला गेली होती. त्यांनी विचारलं, पंखा विकून दाखव. ती म्हणाली, आधी खोली किती मोठी ते सांगा. तिला घेतलं नाही.

जून, जुलै, ऑगस्ट ती रिठदला आईची गिरणी चालवत होती. मला वाटलं, संपलं. मग कापूस निघाला आणि रतनलाल शेठच्या व्याह्यांचा मंगरूळपीरहून फोन आला. त्यांची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची मिल. व्याह्यांच्या बिलाचं कोडं सुटत नव्हतं आणि शेठनी नाव सांगितलं होतं. मीही गेले सोबत, हेमसिंगही सुट्टी टाकून आला. बसमधून दर्ग्याच्या अलीकडं उतरलो, रिक्षानं जिनिंगवर पोचलो. मालकांनी आम्हाला तिघांना पाहिलं आणि हेमसिंगला नमस्कार केला.

"या साहेब. अन् ह्या दोघी?"

"मी फिटर हाय जी," हेमसिंग म्हणाला. "साहेब ह्या."

मालकांनी सुकेशनीकडं पाहिलं. तिच्या पाठीवर दप्तर, पायात चप्पल, हातात बादली. त्यांचा चेहरा पडला, पण व्याह्यांनी पाठवलेलं माणूस, परत कसं घालवणार. म्हणाले, "चला, आधी ऑफिसात बसा. आमचे मॅनेजर तुम्हाला सगळं पीपीटीवर दाखवतील."

"मंग बसतो," सुकेशनी म्हणाली. "आधी ते लोकं कोन हायेत?"

शेडच्या सावलीत दहा-बारा बाया बसल्या होत्या. डोक्यावर फडकं, भुवयांपर्यंत कापसाचा पांढरा भुसा. भाकरी सोडायच्या बेतात होत्या.

"त्या? त्या सरकी भरणाऱ्या बाया," मालक म्हणाले. "त्यांना काय विचारायचं?"

सुकेशनी त्यांच्यात जाऊन मातीत बसली. वही उघडली. "मावशी," ती सगळ्यांत जवळच्या बाईला म्हणाली, "अशी कोनती मशीन हाय जे कामाशिवाय चालू राह्यते, आन् तुमाले वाटते, हे बंद काहून करत नायी?"

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. मग एक हसली, दुसरीनं भाकरी फडक्यावर ठेवली, आणि तिसरीनं हात धुवून शेडच्या टोकाकडं बोट दाखवलं.

"इचारलंच हाय तं लिही माय," ती म्हणाली. "पान मोठं घे."